लोकसंख्येचा रकाना कुठे आहे?

महोदय,

‘गुन्ह्यांत मोठी वाढ’ हा आपल्या अंकातला मथळा वाचला आणि सवयीने खाली लोकसंख्या शोधली. सापडली नाही. पोलिसांच्या आकडेवारी शाखेत मी एकोणतीस वर्षं मासिक गोषवारे भरले. नुसता आकडा दिसला की हात आपोआप भागाकाराकडे जातो. गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख, एवढंच गणित.

न्यूयॉर्क शहराचं बघा. 1990 साली तिथे दोन हजार दोनशेहून अधिक खून झाले, वस्ती सुमारे 73 लाख. लाखामागे तीस. 2017 साली वस्ती 84 लाखांच्या आसपास, आणि खून तीनशेच्याही आत. लाखामागे साडेतीनच्या जवळपास! माणसं वाढली की गुन्हे वाढणारच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी हेच दोन आकडे ऐकवतो. हा उतार का लागला, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कुणी वाढलेल्या पोलिसबळाला श्रेय देतं, कुणी ओसरलेल्या अमली पदार्थांच्या धंद्याला.

भागायचं कशाने, हाही प्रश्नच. व्हॅटिकनमध्ये रहिवासी हजाराच्या आत, पाहुणे मात्र वर्षाला लाखोंनी. खिसा कापला जातो पाहुण्याचा आणि भागाकार होतो रहिवाशांनी. मग दर आभाळाला टेकणारच. शिवाय गुन्ह्यांत विशीच्या आगेमागे असलेल्या पोरांचा वाटा मोठा असतो. म्हणजे वस्ती तेवढीच राहून नुसती म्हातारी झाली, तरी दर खाली येऊ शकतो.

आमच्या शाखेतली एक गोष्ट सांगतो. एक नवे साहेब आले. म्हणाले, कुणाला परत पाठवायचं नाही, प्रत्येक तक्रार लिहून घ्या. वर्षअखेरीस माझ्या तक्त्यात चोऱ्या दीडपट! वरून खरमरीत पत्र आलं, तेही त्यांनाच. त्यांची बदली झाली आणि पुढच्या वर्षी चोऱ्या ‘आटोक्यात’ आल्या. चोर तेच असावेत. तेव्हापासून कुठलाही अहवाल हाती आला की मी आधी खुनाचा रकाना बघतो, कारण मयत माणूस वहीबाहेर ठेवणं अवघड. त्याखालोखाल वाहनचोरी, विम्यासाठी लोक तक्रार देतातच.

तेव्हा पुढच्या बातमीत लाखामागचा दर आणि निदान मागच्या दहा वर्षांचे आकडे छापावेत, ही विनंती. एका वर्षाच्या चढउताराने मथळा होतो, कल कळत नाही. तक्ता करायला माणूस नसेल तर मला कळवा. कॅल्क्युलेटर अजून चालतो.

– एक निवृत्त कारकून