बकलावरचा टेप

काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. "ते राहू दे, मागच्या दाराचं रबर बघितलंस का?" म्हणून लिहून कळवतोय, तेही चारचौघांत. चिडू नका.

माझ्यापेक्षा वयानं मोठी असलेली ही गाडी चार वर्षं माझ्या डोक्यावर बसली होती. पत्र्याचं काम झालं, इंजिन झालं, रंग झाला आणि राहिल्या फक्त बाहेरच्या चकचकीत पट्ट्या. 'आता काय, पट्ट्या लावल्या की संपलं,' असं जो येई तो म्हणे. मीही म्हणायचो. रंग बिघडला तर पुन्हा मारता येतो, पण पट्टी लावताना हात चुकला की पट्टीही जाते आणि तिच्याखालचा रंगही, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्याआधी दोघं येऊन गेले. नावं घेत नाही. पहिल्यानं रंग मारण्याआधी पट्ट्या धरणाऱ्या क्लिपांची मूळ भोकं पुट्टी भरून बुजवून टाकली. "पट्ट्या कशाला, अशीच साधी छान दिसते," हे त्याचं मत मला गाडी ताब्यात आल्यावर कळलं. दुसऱ्यानं मग नजरेच्या अंदाजानं नवी भोकं पाडायला घेतली. ड्रिल घसरलं, फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, बोटभर ओरखडा उठला. त्यानं थुंकी लावून तो अंगठ्यानं पुसला आणि म्हणाला, "पॉलिशमध्ये जाईल." नाही गेला. बोनेटवरचा नावाचा बिल्ला नुकताच मुलामा देऊन आणला होता. मुलाम्यानं मागच्या खुंटाचे आटे भरलेले, नट पुढे सरकेना, तर यानं पाना लावून जोर काढला. जस्ताचं ओतीव काम ते, खडूसारखं मोडलं. मला सांगितलं नाही. गोंदानं चिकटवून, पैसे घेऊन गेला. आठवड्याभरानं गाडी पुसताना बिल्ला माझ्या हातात आला. मोडल्याचं दुःख एव्हाना ओसरलंय. लपवल्याचा राग अजून आहे.

अशा वेळी तुम्ही आलात, तेही 'नुसतं बघून जातो' म्हणून. गाडीभोवती एक चक्कर मारलीत, कुठे थांबून वाकून बघितलंत, बोलला काहीच नाहीत. मला वाटलं, आता आधीच्या दोघांचा उद्धार होणार आणि पाठोपाठ माझाही. तुम्ही मनगटावरचं घड्याळ सोडलंत. बोटातली अंगठी फिरवून फिरवून काढलीत. दोन्ही माझ्या हातात दिलीत. शर्टाच्या खिशातलं पेन बाजूला ठेवलंत. मग टेबलावरचा निळा मास्किंग टेप उचललात, त्याचे दोन तुकडे फाडलेत आणि स्वतःच्या कमरेच्या बकलावर फुलीसारखे चिकटवलेत. कडा अंगठ्यानं दाबून बसवल्यात. आणि मग फेंडरवर ओणवे झालात.

काका, चार वर्षांत या गाडीला किती जणांचे हात लागले असतील? लोक तिला रेलून फोनवर बोलले, डिकीवर पाने ठेवले, किल्ल्यांचा जुडगा छपरावर टाकून पाणी प्यायला गेले. बकलाचा विचार माझ्यासुद्धा मनात कधी आला नव्हता आणि गाडी माझी आहे. मी काहीतरी आणायच्या निमित्तानं आत गेलो, ते डोळे पुसायला. तुम्हाला कळलं असेलच, कारण मी रिकाम्या हातानं परत आलो होतो.

पुढचं सगळं इथे लिहीत बसत नाही. ज्याला करायचंय तो करून शिकेल. पण दोन-तीन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. मी सगळ्या पट्ट्या मुलाम्याला द्यायला निघालो होतो आणि मुलामावाला घ्यायलाही तयार होता. तुम्ही एक पट्टी उलटी केलीत, मागचा वाळलेला चिखल नखानं खरवडलात आणि हसलात. "हिला सगळे क्रोम म्हणतात. क्रोम कसलं, स्टेनलेस आहे ही. आतबाहेर एकच धातू. पोचे मागून ठोकून काढ, घास, पॉलिश कर." बंपर, दाराच्या मुठी आणि बिल्ला तेवढे खरे मुलाम्याचे. त्यांच्यावरही क्रोमियमचा थर एका मायक्रॉनपेक्षा पातळ, खरी चमक खालच्या निकेलची, हेही तुम्हीच सांगितलंत. तीन संध्याकाळी मी मांडीवर पट्टी घेऊन घासत होतो. चौथ्या दिवशी तिच्यात माझं तोंड दिसलं. काळं होतं, पण दिसलं.

बुजवलेली भोकं तुम्ही दाराच्या आतून बॅटरी लावून एकेक शोधून काढलीत. मोकळं केल्यावर प्रत्येक भोकाच्या उघड्या कडेवर बारीक ब्रशनं रंग लावलात, तो वाळेपर्यंत थांबलात, मग क्लिप. मी म्हटलं, हे वरून पट्टीनं झाकलंच जाणार आहे. तुम्ही म्हणालात, "पाण्याला दिसतं." जुन्या गाड्या पट्टीखालीच का सडतात, हे मला त्या दोन शब्दांत समजलं.

आणि तो दोरा! पुढच्या फेंडरपासून मागच्या दिव्यापर्यंत ताणलेला. फेंडर, पुढचं दार, मागचं दार, मागचा पत्रा. चार तुकडे, पण बघणाऱ्याला एकच रेघ दिसली पाहिजे. पुढच्या दाराची पट्टी तुम्ही अर्ध्या मिलिमीटरसाठी तीनदा सरकवलीत आणि दर वेळी दार सावकाश उघडून तिचं टोक फेंडरला लागत नाही ना, ते पाहिलंत. मला अर्धा मिलिमीटर दिसतही नव्हता. आता दिसतो. आता रस्त्यानं जाताना दुसऱ्यांच्या गाड्यांवरही दिसतो, हा एक नवाच त्रास तुम्ही मागे लावून दिलात.

कारागिरी चांगली असलेली माणसं तशी सापडतात. दुसऱ्याच्या वस्तूजवळ जाताना आधी स्वतःच्या अंगावर टोचणारं, ओरखडणारं काय आहे ते बघणारी माणसं मला फार कमी भेटली. त्यांना ते शिकवलेलं नसतं, निदान कुणी पैसे घेऊन तरी शिकवलेलं नसतं. एरवी 'होऊन जाईल', 'कोण बघतंय', 'पॉलिशमध्ये जाईल' हेच कानावर पडतं आणि ऐकून ऐकून आपणही तसंच बोलायला लागतो. मी लागलो होतो. पहिल्या माणसाला 'लवकर आटपा' म्हणून मागे कोण लागलं होतं? मीच. दुसऱ्यावर राग आहे, तो राहू दे. तो मी सोडणार नाही, पण माझा वाटाही कबूल करतो.

बिल्ल्याला तुम्ही नवा खुंट बसवून दिलात, त्याबद्दल वेगळे आभार मानू का? तुम्ही म्हणाल, नको. मानतो. डाव्या मागच्या दारावरची एक क्लिप कमी आहे, ती मिळाली की मी स्वतः लावणार आहे, घड्याळ काढून. चुकलो तर तुम्हाला सांगेन, गोंदानं चिकटवणार नाही.

आणि एक राहिलंच. त्या दिवशी अंधार पडल्यावर तुम्ही निघालात, घड्याळ-अंगठी आठवणीनं घेतलीत. मी दारात उभा राहून बघत होतो. बकलावरचा टेप तसाच होता. सांगणार होतो, पण नाही सांगितलं. घरी गेल्यावर काकूंनी काय विचारलं, ते तेवढं कळवा.

तुमचा,
अर्धा मिलिमीटरवाला