पालकांसाठीच्या मार्गदर्शिकेतील चुकीच्या माहितीबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: गेमसोबतची पालक-मार्गदर्शिका दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

तुमचा प्लॅटफॉर्म गेम (उड्या मारत पुढे जायचा व्हिडिओ गेम) मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीसाठी घेतला, तो मार्गदर्शिकेतल्या एका वाक्यावर विसंबून: "पालक आणि लहान मूल पहिल्या लेव्हलपासून आरामात एकत्र खेळू शकतात." डब्यावर पेगी ३ (युरोपातलं गेमचं वय-मानांकन, तीन वर्षांपासून पुढे) आहे, ते मी पाहिलं होतं. पण त्या आकड्यावरून आतला मजकूर कोणत्या वयाला चालेल एवढंच कळतं. गेम किती अवघड आहे ते नाही. ते कळावं म्हणून तर मार्गदर्शिका वाचायची.

एकत्र खेळता येतं, हे खरं. आरामात नाही. दोघांना कॅमेरा एकच. तो पुढच्याबरोबर धावतो आणि मागे राहिलेला पडद्याबाहेर गेला की मेला. लाइफसुद्धा दोघांत मिळून पाच. तिसऱ्या लेव्हलला लाव्हावरून सरकणाऱ्या फळ्या आहेत. मुलगी तीन फळ्या ओलांडून पलीकडे, आणि मी अजून उडी मारायचं बटण शोधतेय. पाचातल्या चार लाइफ माझ्यापायी गेल्या. मग तिनं माझ्या हातातला कंट्रोलर हळूच काढून घेतला. "आई, तू नुसती बघ ना." (तिचं काही चुकलं नाही म्हणा.)

याला उपाय नाही असंही नाही. २०१७ च्या 'सुपर मारिओ ओडिसी'त असिस्ट मोड आहे, त्यात पुढची वाट बाणांनी दाखवतात. २०२३ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'मध्ये योशी हे पात्र घेतलं तर शत्रूचा धक्का लागून इजा होत नाही. तुमच्या गेममध्ये असं काहीच नाही. नसेना का, पण मग तसं लिहा.

दुसरी गोष्ट जास्त लागली. "खेळ कधीही थांबवा, प्रगती आपोआप सेव्ह होते," असं तुम्ही छापलंय. त्या भरवशावर मी तिला लेव्हलच्या मधल्या झेंड्यापाशी उठवलं आणि गेम बंद केला. सकाळी झेंडा नाही, गोळा केलेले तारेही नाहीत. सेव्ह फक्त लेव्हल संपल्यावर होतं, हे तेव्हा कळलं. "तूच म्हणालीस राहतं म्हणून," असं म्हणत ती रडली. आता "बंद कर" म्हटलं की ऐकत नाही, आणि मला रागावताही येत नाही.

हे मी ईमेलने कळवलं, तर "गेम सर्व वयोगटांसाठी योग्य आहे" असं छापील उत्तर आलं. वयोगटाबद्दल मी विचारलंच नव्हतं.

ही दोन्ही वाक्यं दुरुस्त करा. एकच कॅमेरा, सामाईक लाइफ आणि सेव्ह कधी होतं, हे मार्गदर्शिकेच्या पहिल्याच पानावर द्या. झेंड्यापाशी सेव्ह होण्याची सोय अपडेटमध्ये देणार असाल तर कधी, तेही कळवा. पैसे परत नकोत. मुलीला गेम आवडलाय. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं.

आपली,
एक ग्राहक