किल्ली हरवली तर?

महोदय,
जुन्या मारुती ८०० ची किल्ली हरवली, तेव्हा रावपुऱ्यातल्या किल्लीवाल्याने कानशीने घासून दुसरी करून दिली होती. मुलाच्या नव्या गाडीची हरवली, तर नुसते पाते कापून भागेना. आतल्या चिपचा संकेत गाडीच्या संगणकाला ओळखीचा नसेल, तर इंजिन सुरूच होत नाही. चोरांना चाप बसतो, कबूल. पण शोरूमने सांगितलेला खर्च ऐकून मुलगा गप्पच झाला! त्यातून, घरातल्या किल्लीचा संकेत दाराबाहेरून यंत्राने पकडून गाडीपर्यंत पोहोचवणारे चोरही आहेतच. तो संकेत बाहेर पडू नये म्हणून आमची नवी किल्ली रात्री फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकणाखाली असते. किल्लीतला सेल संपला, तरी ती स्टार्टच्या बटणाला टेकवली की बटणावर चालणाऱ्या बऱ्याच गाड्या सुरू होतात. विक्रेत्यांनी गाडी देतानाच हे करून दाखवावे.

– एक ज्येष्ठ वाचक, दांडिया बाजार, वडोदरा