अण्णांचे मोजे

ती. आई आणि ती. अण्णा,
सा. न.

फोनवर काकांचा विषय काढला की अण्णांना ऐकू येईनासं होतं, म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही, तो देवघरातल्या पंचांगावर असतो.

धाकट्याला शाळेत 1971 च्या बांगलादेशच्या लढाईवर चार पानं लिहायची होती. आजोबा लढलेत म्हणून वर्गात भाव खाऊन आला आणि मला विचारायला लागला. मला ठाऊक फक्त मोज्यांची गोष्ट. मग आम्ही नकाशा उघडून बसलो.

अण्णा, शरण या म्हणून पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी कर्नलने कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी धाडली, हे तुम्ही आम्हाला हसत सांगायचात. 10 डिसेंबरच्या रात्री तीच फौज जमालपुरातून बाहेर पडायला तुमच्या जंगी पलटणीवर, म्हणजे 1 मराठावर, चालून आली, ते मात्र कधी बोलला नाहीत. 11 ला जमालपूर पडलं. त्याच दिवशी दुपार कलल्यावर काकांच्या 2 पॅराने, म्हणजे छत्रीधारी पलटणीने, टांगाइलला विमानातून उड्या मारल्या. मागे सरणाऱ्या फौजेची ढाक्याची वाट तोडायची तर लौहजंग नदीवरचा पुंगली पूल हवा होता. 12 च्या संध्याकाळी तुमची पलटण त्या पुलावर पोचली.

काका तळ्यात पडले होते. बूट, मोजे चोवीस तास ओले. तुम्ही आधी एक शिवी हासडलीत आणि मग पाठीवरच्या पिठ्ठूतून कोरडे मोजे काढून दिलेत. काका सांगायचे, "तुझ्या बापाचे पाय म्हणजे नांगराचे फाळ. मोज्याची टाच माझ्या घोट्याच्या वर यायची. तसाच सोळा तारखेला ढाक्यात गेलो." ढाक्यात सगळ्यांत आधी 2 पॅरा शिरली. म्हणजे अण्णांच्या आधी अण्णांचे मोजे पोचले, असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. पुढे उतरलेल्यांत आपला भाऊ आहे, हे तुम्हाला वाटेत कळलं होतं की पुलावर? वाटेत कळलं असेल, तर तो रस्ता कसा काटलात?

आई, तुझं तेव्हा नवं लग्न. आजीला अक्षर येत नव्हतं, पत्रं तू वाचायचीस. लष्करी टपालाचा 99 एपीओचा शिक्का दिसला की आजी भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून चुलीपुढून उठायची. दोघांच्या पत्रांत एक ओळ ठरलेली, "त्याचं पत्र आलं का?" आजीचं माहेर अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे 46 जण गेले, ते ऐकत ती वाढलेली. लढाई संपल्याचं रेडिओवर सांगितलं तेव्हा गावात पेढे वाटले, तिने घेतला नाही. दोन्ही पत्रं हातात पडल्यावर गूळ खाल्ला. हे तूच सांगितलंयस.

आणि आता नऊ वर्षं बोलणं बंद. दोन फूट बांध आणि विहिरीची पाळी, एवढ्यासाठी. मोजणीवाले दोनदा आले, दोनदा वेगळं सांगून गेले. काकांची बाजू बरोबर आहे असं मी म्हणत नाही. बांध त्यांनीच कोरला असेल. आई, त्या वेळी तूही काकूला जे बोललीस ते चांगलं नव्हतं. राग आला तरी चालेल, वाचून दाखव.

काकांची बायपास झाली. चुलतभावाचा फोन आला होता. शुद्धीवर आल्यावर त्यांनी त्याला विचारलं, "अण्णाच्या उसाला पाणी सुटलं का?" पाळी तुमची होती, आणि मोटारीची किल्ली काकांकडे. पोराने रात्री जाऊन मोटार चालू केली. ऊस कसा भिजला, याचं तुम्हाला कोडं पडलं असेल ना?

शुक्रवारी त्यांना घरी आणतील. शनिवारी पुण्याहून पहाटे निघते, नवाला दारात येते. अण्णा, अंघोळ उरकून ठेवा. गाडीने जाऊ, बांधावरून चालत नको. आई, काकूंना शेवग्याच्या शेंगा आवडतात, परड्यातल्या काढून ठेव. मीठ कमी घालायला सांगितलंय, लोणचं नेऊ नकोस.

तुमची,
ताई