समावेशनाच्या नियमाने दाराबाहेर ठेवलेली मंडळे: अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय लिंडा मॅकमहन,
शिक्षणमंत्री, अमेरिका,
वॉशिंग्टन.

विषय: सरकारी विद्यापीठांतील धार्मिक विद्यार्थी मंडळांचे संरक्षण

माननीय महोदया,

मी नगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती घरात वाढलो, ३० वर्षांपासून ओहायो राज्यात राहतो आहे आणि त्यांतली २२ वर्षे इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवले आहे. या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत ते मी मुद्दाम प्रसिद्ध करतो आहे, कारण इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची मुले याच विद्यापीठांत शिकतात आणि ‘विविधता, समता, समावेशन’ या शब्दांवरून देशात जो वाद चालू आहे त्याची घोषणांपलीकडची माहिती त्यांच्या आईवडिलांपर्यंत फारशी पोहोचत नाही. माझे म्हणणे असे आहे की हे तीन शब्द ज्या अर्थाने सरकारी कचेऱ्यांत आणि विद्यापीठांत रुजले, त्या अर्थाने ते माणसाकडे त्याच्या गटाचा नमुना म्हणून पाहतात; आणि जिथे ते काटेकोरपणे लागू झाले तिथे श्रद्धेच्या नावाने एकत्र जमणाऱ्या लोकांनाच जागा उरली नाही.

भेदभाव नसतोच, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. माझे पणजोबा गावकुसाबाहेर जन्मले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला आपले ठाणे मांडले आणि तिथून निघालेले काम दोन पिढ्यांनंतर आमच्या वाडीपर्यंत आले. आजी सांगत असे की प्रभुभोजनाच्या वेळी एकच प्याला सगळ्यांच्या ओठांना लागे, आणि ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांच्याच हातून तो पुढच्या माणसाकडे जाई, हे पाहून पणजोबांनी चर्चच्या मंडळीत पाऊल ठेवले. त्यांना तिथे कोणत्याही वंचित गटाचे प्रतिनिधी म्हणून बसवले गेले नव्हते. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे देवाच्या प्रतिरूपात घडलेला एक माणूस, पापी आणि क्षमेला पात्र, अशी त्यांची ओळख होती, आणि तो प्याला देणाऱ्या गोऱ्या पाळकाचीही तीच होती. उलट, भारतात राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा आजही मिळत नाही. सरकारने आखलेल्या गटांच्या चौकटीत माणूस बसला नाही की त्याचे दुःख कागदावरून कसे पुसले जाते, हे आमच्या घराने पाहिलेले आहे. म्हणूनच १९६४ चा नागरी हक्क कायदा, ज्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण वा मूळ देश यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली, तो मला मनापासून हवा आहे. त्या कायद्यात माणूस आहे, त्याच्यावर झालेला अन्याय आहे आणि त्या अन्यायाला जबाबदार असलेली संस्था आहे.

पुढे आलेली भाषा वेगळी आहे. ‘इक्विटी’ या शब्दाला मराठीत अजून नीट प्रतिशब्द सापडलेला नाही. कोणी ‘समता’ म्हणतो, कोणी ‘समन्याय’, आणि या गोंधळात शब्दाचे मूळ हरवते. १६११ च्या इंग्रजी बायबलात ९८ व्या स्तोत्राच्या शेवटी हा शब्द येतो. देव पृथ्वीचा न्याय करायला येईल तेव्हा तो लोकांचा न्याय ‘इक्विटी’ने करील, असे तिथे म्हटले आहे, आणि त्यामागच्या हिब्रू शब्दाचे मूळ ‘सरळ’ असे आहे. तो गुण न्यायाधीशाचा आहे, निकालानंतर कोणाच्या पदरात किती पडले याच्या हिशेबाचा नाही. लेवीयाच्या १९ व्या अध्यायात तर स्पष्ट बजावले आहे की न्यायाच्या वेळी गरिबाची बाजू घेऊ नये आणि थोराचे तोंडही पाहू नये. त्याच अध्यायात थोडे पुढे परक्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. या दोन्ही आज्ञा एकाच मुखातून आल्या आहेत, आणि शास्त्राला, म्हणजे बायबलला, त्यांत कुठेही विरोध दिसत नाही.

२० जानेवारी २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी काढलेल्या आदेशातली ‘इक्विटी’ची व्याख्या वाचली तर तीत सर्व व्यक्तींना न्याय्य आणि निःपक्षपाती वागणूक, असेच म्हटलेले आढळते. त्या वाक्याशी माझे भांडण नाही. पण विद्यापीठांच्या भरतीत या शब्दाचा कारभार कसा चालला ते पाहावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत २०१८-१९ मध्ये जीवशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी आलेल्या ८९३ पात्र अर्जदारांपैकी केवळ २१४ जणांचे अर्ज पुढे गेले, आणि ही छाटणी अर्जदाराने विविधतेविषयी लिहिलेल्या निवेदनावरून झाली. त्यांचे संशोधन तोपर्यंत तपासलेच गेले नव्हते. तिथल्या गुणांकनाच्या तक्त्यात ‘मी सर्व विद्यार्थ्यांना सारखे वागवीन’ असे लिहिणाऱ्याला सर्वांत कमी गुण होते. २२ वर्षे याच देशात मी मुलांना जे शिकवले, आणि माझ्या पणजोबांना ज्या वाक्याने उभे केले, ते वाक्य तिथे अपात्रतेची खूण ठरले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२५ मध्ये अशी निवेदने मागणे बंद केले, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही या काळात किती लोकांनी नोकरीसाठी आपल्या विवेकाविरुद्ध लिहून दिले असेल, हा विचार मनातून जात नाही.

एका प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना खेळाच्या दालनात एका ओळीत उभे करून काही वाक्ये वाचून दाखवण्यात आली, आणि प्रत्येक वाक्याला आपापल्या वंशानुसार व घरच्या परिस्थितीनुसार एक पाऊल पुढे किंवा मागे टाकायला सांगितले. मी बराच मागे राहिलो. माझ्या बरोबरच्या एक बाई, ज्यांचे वडील कोळशाच्या खाणीत फुप्फुसे गमावून गेले, त्या आपल्या त्वचेच्या रंगामुळे पुढे गेल्या होत्या आणि त्यांनी सर्वांसमोर आपल्या विशेषाधिकाराची कबुली द्यावी अशी अपेक्षा होती. त्यांनी दिली. त्यानंतर काही झाले नाही. कोणी त्यांना क्षमा केली नाही, कारण त्यांनी कोणाचे काही वाईट केलेलेच नव्हते. कबुली हा आमच्या धर्माचा शब्द आहे. ती स्वतःच्या कृत्याची असते, देवासमोर आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर असते, आणि तिच्यापुढे क्षमा असते. यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायात बापाच्या पापाचा भार मुलाने वाहू नये असे म्हटले आहे. या नव्या भाषेने पाप ठेवले, कबुली ठेवली, आणि क्षमा मात्र काढून टाकली. पापही कृत्याऐवजी जन्माला चिकटवले. असे करून सलोखा कसा व्हावा, हे मला शाळेत कळले नाही आणि अजूनही कळलेले नाही.

याचा अर्थ गटाला झालेल्या अन्यायाकडे ख्रिस्ती माणसाने डोळेझाक करावी असा मुळीच नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात असल्याची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी ती टाळली नाही. सात माणसे नेमली, आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांचे दुखणे होते त्यांच्यातूनच कारभारी निवडले गेले. पण निवडीची अट ‘नावाजलेली, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण’ अशी होती, आणि हिब्रू बोलणाऱ्या सर्व भावांना सामूहिक अपराधी ठरवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयात ख्रिस्ती विधी विद्यार्थ्यांच्या मंडळाने मतदार सदस्य आणि पदाधिकारी यांनी श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी, अशी अट ठेवली होती. महाविद्यालयाचे धोरण असे की मान्यताप्राप्त मंडळाने कोणालाही सदस्यत्व आणि पद नाकारू नये. २८ जून २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी महाविद्यालयाच्या बाजूने निकाल दिला. त्याचा आधार घेऊन कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आपल्या २३ शाखांत असेच धोरण लागू केले, आणि इंटरव्हर्सिटी या ख्रिस्ती विद्यार्थी संघटनेची मान्यता २०१४ मध्ये काढून घेतली. ती पुढच्या वर्षी परत मिळाली. आयोवा विद्यापीठाने २०१८ मध्ये याच कारणास्तव इंटरव्हर्सिटीसह शीख आणि मुस्लीम विद्यार्थ्यांच्या मंडळांनाही यादीतून वगळले, पण केवळ मुलांसाठी आणि केवळ मुलींसाठी असलेल्या निवासी मंडळांना हात लावला नाही. २०२१ मध्ये आठव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने हा विचारांवरून केलेला भेदभाव ठरवला आणि संबंधित अधिकाऱ्यांना वैयक्तिक जबाबदारीतून सूट नाकारली. शास्त्रपाठाचा प्रमुख शास्त्रावर विश्वास ठेवणारा असावा, गुरुग्रंथसाहिबासमोर बसणाऱ्यांचा प्रमुख शीख असावा, ही अपेक्षा ज्या नियमाला भेदभाव वाटते त्या नियमाचे नाव समावेशन होते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि मी तो टाळत नाही. आयोवातला वाद सुरू झाला तो एका समलिंगी विद्यार्थ्याला दुसऱ्या एका ख्रिस्ती मंडळात पद नाकारले गेल्यावर. त्या तरुणाला लागलेली ठेच खरी होती, आणि तोही देवाच्याच प्रतिरूपात घडला आहे. त्याचा अपमान करणारा ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताचा अपमान करतो. विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यात असतो, असे मी शास्त्राधारे मानतो, आणि हे मत न मानणाऱ्यालाही आमच्या सभेत यायला, बसायला, वाद घालायला दार उघडे असावे असेही मानतो. पण शिकवणुकीची जबाबदारी त्याच शिकवणुकीप्रमाणे जगू पाहणाऱ्याकडे असावी, एवढे प्रत्येक मंडळाला ठरवता आले पाहिजे. विद्यार्थ्यांकडून घेतलेल्या शुल्काचा प्रश्न कोणी काढील. ते शुल्क ख्रिस्ती, शीख आणि मुस्लीम विद्यार्थ्यांच्या घरूनही येते.

सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या खात्याने असा नियम केला की खात्याचे अनुदान घेणाऱ्या सरकारी विद्यापीठाने धार्मिक विद्यार्थी मंडळाला त्याच्या श्रद्धेमुळे, सदस्यत्वाच्या वा नेतृत्वाच्या निकषांमुळे, इतर मंडळांना मिळणारा कोणताही लाभ नाकारू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच खात्याने तो रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. जो नियम एक सरकार करते आणि दुसरे खोडू पाहते, त्याच्यावर १९ वर्षांच्या मुलांनी किती विसंबावे? २०१० चा निकालही अजून उभा आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की हे संरक्षण काँग्रेसकडून, म्हणजे इथल्या संसदेकडून, कायद्याच्या रूपात आणण्यासाठी आपण स्वतः प्रयत्न करावा, आणि नोकरी वा प्रवेशासाठी कोणत्याही विचारसरणीचे निष्ठापत्र, मग ते डावे असो वा उजवे, मागण्यास त्यात मनाई असावी.

दुसरी विनंती आपल्या सरकारला न रुचणारी असू शकेल. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या २० आणि २१ जानेवारी २०२५ च्या आदेशांनी विविधता, समता, समावेशनाची सरकारी धोरणे मोडीत काढली. त्यानंतर ठिकठिकाणी शब्द हुडकून संकेतस्थळांवरची पाने उतरवण्यात आली. मार्च २०२५ मध्ये संरक्षण खात्याने कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांच्या लष्करी सेवेचे पान काढले आणि ओरड झाल्यावर परत लावले. ज्याला वर्णामुळे खेळाच्या मैदानाबाहेर ठेवले गेले, त्याची आठवण पुसून कोणतेही ख्रिस्ती मूल्य जपले जात नाही. त्याच महिन्यात आपल्या खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या १२ पैकी ७ प्रादेशिक शाखा बंद करण्यात आल्या. कृष्णवर्णीय मुलाची तक्रार असो, यहुदी मुलीची असो वा शास्त्रपाठ चालवणाऱ्या विद्यार्थ्याची, ती ऐकायला माणूसच नसेल तर १९६४ चा कायदा कपाटात राहील. त्या शाखा पुन्हा सुरू कराव्यात.

माझी नात एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या शास्त्रपाठ मंडळाने नव्या वर्षाची नियमावली दाखल केली, तेव्हा ‘प्रमुखाने येशू ख्रिस्ताला प्रभू मानावे’ या ओळीवर तांबडी खूण करून ती परत आली. मुलांनी ती ओळ तशीच ठेवून नियमावली पुन्हा दाखल केली आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि त्यांची निवडणूक एप्रिलमध्ये आहे.

आपला नम्र,
ओहायोतील एक निवृत्त शिक्षक