मर्दुमकी ही पुरुषांची मक्तेदारी नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

पुराच्या पाण्यात होडी घालून अडकलेल्या माणसांना बाहेर काढणाऱ्या तरुणीच्या बातमीला आपण ‘मर्दुमकी’चा मथळा दिलात. त्यावर एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या आठवड्यात वाचले. त्यांचे म्हणणे असे की, हा शब्द ‘मर्दन’वरून आला, म्हणजे त्यात चिरडणे आले, शिवाय त्यात ‘मर्द’ असल्याने बाईला तो लावणे हा तिचा अपमान. दोन्ही व्युत्पत्त्या एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे मला कळले नाही. असो.

छापखान्यात मुद्रिते तपासण्यात माझी हयात गेली, त्यामुळे शब्दाचे कूळ काढल्याशिवाय राहवत नाही. ‘मर्दन’ संस्कृत, ‘मृद्’ धातूचे. महिषासुरमर्दिनी त्याच घरातली आणि अंगाला तेल रगडणेही त्यातलेच. ‘मर्दुमकी’ मात्र फारसी. फारसीत ‘मर्द’ म्हणजे पुरुष खरा, पण ‘मर्दुम’ म्हणजे माणसे, लोक. बायाबापड्या, पोरेटोरे सगळी धरून. उर्दूत जनगणनेला ‘मर्दुमशुमारी’ म्हणतात. तिच्यात बायका मोजत नाहीत असे कुणी ऐकले आहे काय? (आपल्याकडची जुनी ‘खानेसुमारी’ नावाप्रमाणे घरे मोजणारी, ‘खाना’ म्हणजे घर.) फारसी ‘मर्दुमी’त माणूसपण, सभ्यता, शौर्य असे सगळेच येते. मराठीने तिला पाटीलकी, भाऊबंदकीतला ‘की’ चिकटवला. म्हणजे जडणघडण पाहिली तर ‘मर्दुमकी’ आणि ‘माणुसकी’ या सख्ख्या बहिणी. परक्यासाठी स्वतःचा जीव पाण्यात घालणाऱ्या मुलीला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

आणखी खोलात गेले तर ‘मर्द’ हा आपल्या ‘मर्त्य’चाच इराणी भाऊबंद निघतो: मरण ज्याला चुकलेले नाही तो. तिथे तर बाई-पुरुष हा भेदच उरत नाही.

बहमनी आणि आदिलशाही दफ्तरांत फारसी मुरली, तशी ती मराठ्यांच्या छावणीतही आली. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी लढाईची भाषा फारशी बदलली नाही. ‘शर्थ’ अरबी, मुळात नुसती अट. ‘शिकस्त’ फारसी, मूळ अर्थ चक्क पराभव, मोडतोड. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करून जिंकायला निघतो! ‘बहादर’ त्याहून लांबचा, तुर्क-मंगोलांकडून फारसीमार्गे आलेला. 1700 मध्ये राजाराम महाराज गेल्यावर 1707 पर्यंत औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली ती ताराबाईंनी, आणि ती याच शब्दांच्या मराठीत. ‘रणरागिणी’ असा स्त्रियांसाठी निराळा कप्पा करावा ही वाचकभगिनींची सूचना म्हणूनच मला पटत नाही. पुरुषाने केली तर मर्दुमकी आणि बाईने केली तर दुसरे काहीतरी, हा भेद मूळ शब्दात नाहीच. तो आपण घातलेला आहे.

खरे दुखणे वेगळेच आहे. हा शब्द आता उपहासापुरता उरला. आमची आजी पाटावर बसून भाजी चिरता चिरता म्हणायची, “बहिणीच्या पाठीत धपाटा घातलास? मोठी मर्दुमकी गाजवलीस!” राजकीय अग्रलेखांतही तो असाच येतो, समोरच्याला हिणवायचे असले की हमखास. सरळ कौतुकाने छापलेला ‘मर्दुमकी’ मी बऱ्याच दिवसांनी पाहिला, तो आपल्या त्या मथळ्यात.

तेव्हा तो मागे घेऊ नये. फक्त एक करा. मथळ्यात ‘मर्दूमकी’ असा दीर्घ ऊकार पडला आहे. तो ऱ्हस्व हवा. ई-पेपरमध्ये अजून दुरुस्त करता येईल.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, कोल्हापूर