दुसऱ्या हाफचा किपर

कोल्हापूर
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय भावा,

शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घे, मग पुढं वाच. गणपतीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, हे मान्य. तब्येत बरी. गुडघा आहे तसाच. आण्णांचं पथ्य ताटात चपाती असेपर्यंत, तांबडा-पांढरा दिसला की संपलं. झालं.

लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. आज तालमीत बैठक झाली. आपल्या फुटबॉल लीगमधल्या सगळ्या तालमींच्या संघांची निवडक पोरं घेऊन एक ऑल-स्टार सामना भरवायचा घाट घातलाय, आणि त्याचा फॉरमॅट लिहून आणायचं माझ्या गळ्यात आलंय. पुढच्या रविवारी कागद द्यायचा. थोरल्यानं तर तिथंच निकाल लावला, "पूर्व विरुद्ध पश्चिम लावा, अमेरिकेत तसंच असतंय." हे ऐकून तू जसा खुर्चीवरून पडला असतास तसं पडणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

अमेरिकेत तसं होतं, पण त्याला जमाना झाला. त्यांच्या लीगचा, एमएलएसचा, १९९६ चा पहिला ऑल-स्टार सामना न्यू जर्सीत पूर्व-पश्चिमच होता, पूर्वेनं ३-२ नं काढला, व्हाल्डेरामा सामनावीर. गर्दी ७८,४१६. पण त्याच दिवशी त्याच मैदानावर ब्राझीलचीही मॅच होती, ते विसरून चालत नाही. पुढं काय झालं ते तुझ्याच गावात झालं. २००० साली कोलंबसमध्ये पूर्वेनं पश्चिमेला ९-४ नं हरवलं. एका मॅचमध्ये तेरा गोल! पुढच्याच वर्षी ६-६, त्यातले चार एकट्या डोनोव्हनचे. तू याला अजून 'खुलं फुटबॉल' म्हणतोस, आणि मी अजून म्हणतो की ती लग्नातली पंगत आहे, आग्रह करकरून गोल वाढलेत. परत आपल्या संघाकडून लीग खेळायची असताना उगाच टॅकलला पाय कोण घालणार? आणि 'पूर्व' म्हणून गॅलरीत घसा कोण फोडणार? पूर्व ही दिशा आहे, पेठ नव्हे.

मधल्या काळात त्यांनी सगळं करून बघितलं. १९९८ ला अमेरिकन खेळाडू विरुद्ध परदेशी खेळाडू. आपल्याकडं पण एकानं हेच सुचवलं, 'आपली पोरं विरुद्ध बाहेरची पोरं.' त्याला सांगितलं, तिथं ते ६-१ झालं आणि पुढच्या वर्षी गपचूप पूर्व-पश्चिमवर परत आले. २००२ ला थेट अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाशी लावली, लीगवाल्यांनी ३-२ नं जिंकली. २००३ ला मेक्सिकोचा ग्वादालाहारा, २००४ ला पुन्हा पूर्व-पश्चिम, आणि २००५ ला फुलहॅम आल्यापासून बाहेरचा क्लब बोलवायची रीतच पडली.

पाहुणा बोलवायचा तर कधी बोलावतोय यावर अर्धा निकाल ठरतो. जुलै-ऑगस्टमध्ये इंग्लंडचे संघ नुकते सुट्टीवरून आलेले, पाय जड. इकडं अमेरिकन लीग भर हंगामात. म्हणून २००६ ला चेल्सीला १-० नं हरवता आलं. पण पाहुणा वर्षभर एकत्र सराव केलेला असतो आणि ऑल-स्टारची पोरं दोन-चार दिवसांपूर्वी एकमेकांना भेटलेली. मँचेस्टर युनायटेडनं २०१० ला ५-२ आणि २०११ ला ४-० नं हेच दाखवलं, २०२३ ला आर्सेनलनं ५-०. उलटं बघायचं तर ऑस्ट्रेलिया. २०२४ च्या मे महिन्यात इंग्लंडचं न्यूकॅसल हंगाम संपवून, अर्धं जग फिरून तिथं गेलं, दोन दिवस आधी टॉटनहॅमशी खेळलं आणि ऑल-स्टार्सकडून ८-० खाल्ले. ते आठ गोल बघून तिथलं फुटबॉल कुठं पोचलं याचा अंदाज बांधणारा माणूस आपल्या बैठकीत शोभला असता.

आत्ताचा त्यांचा प्रकार मला पटतो. २०२१ पासून मेक्सिकोच्या लीगचा निवड संघ समोर, मध्ये २०२३ चा आर्सेनल सोडला तर. दोन्हीकडं उसनी पोरं, दोन्हीकडं सराव तेवढाच, आणि हरलं तर लीगची इज्जत जाते. २०२१ ला १-१ होऊन पेनल्टीवर, २०२२ ला २-१, २०२४ ला तुझ्या कोलंबसमध्येच मेक्सिकोवाल्यांकडून ४-१ नं धुलाई, २०२५ ला ऑस्टिनमध्ये ३-१ नं वसुली. स्कोअर बघितलास? पंगत बंद झाली.

आता माझी खरी अडचण. अमेरिकेला ईर्षा विकत आणावी लागते, आपल्याकडं ती उतू चाललीय. त्यांचं औषध थंडीवरचं आणि आपल्याला ताप. पेठ विरुद्ध पेठ लावली तर पहिल्या दहा मिनिटांत प्रदर्शनीय सामन्याचं नाव पुसलं जाईल आणि पोलिसांना मैदानात यावं लागेल. बरं, पेठा मिसळून 'अ' आणि 'ब' संघ केले तर पाटाकडीलचा माणूस शिवाजीच्या स्ट्रायकरच्या गोलवर टाळ्या वाजवणार? तो घरी जाऊन झोपेल. म्हणून कागदावर पहिली ओळ लिहिलीय: कोल्हापूरचा एकच निवड संघ, समोर दुसऱ्या गावच्या लीगचा निवड संघ. पुणे किंवा बेळगाव. बेळगाव सोयीचं, सकाळी निघून रात्री परत. फक्त बेळगावला 'बाहेरचा संघ' म्हणायचं का, यावर बैठकीचा एक तास जाईल एवढं धरून चाललोय.

निवडीचं गणित असं. संघ सोळा. प्रत्येकाचा निदान एक खेळाडू घेतला नाही तर ती तालीम त्या दिवशी मैदानावर फिरकत नाही. तिकडं २६ जणांचा संघ असतो, ११ मतदानानं, १३ कोच निवडतो आणि २ लीगचा प्रमुख. मी २६ करून बघितलं. दोन किपर अर्धा-अर्धा वेळ धरले तर उरतात २४, आणि दहा जागांची ९० मिनिटं म्हणजे ९०० मिनिटं. माणशी साडेसदतीस. एवढ्यात घाम येतो न येतो तोवर बोर्ड वर. २२ केले तर २० जणांना बरोबर ४५-४५ येतात. सोळा सक्तीचे, सहा गुणवत्तेवर, एका संघाचे तीनच्या वर नाहीत.

यात एक गोची आहे, ती तुझ्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. तळाच्या संघांतून एकेकच खेळाडू घ्यायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी किपरच उठून दिसतो. साहजिक आहे, हंगामभर सगळ्यात जास्त शॉट त्याच्याच अंगावर. चार-पाच किपर झाले तर संघ कसा उभा करणार? म्हणून आधी दोन किपरच्या जागा भरायच्या, मगच बाकीच्या तालमींना जागा वाटायच्या. मतदानही जागेवार. प्रत्येक माणसानं एक किपर, चार बॅक, तीन हाफ, तीन फॉरवर्ड निवडायचे. सरसकट 'आवडता खेळाडू' विचारलं तर ज्या पेठेत पोरं जास्त त्या पेठेचे अकरा फॉरवर्ड येतील. आणि मतानं फक्त अकरा, बाकी कोच. कोच कोण, ते विचारू नकोस. त्यावरून माझं जेवण गेलंय.

बदली खेळाडूंचं तर कुणाला सोयरसुतकच नाही. मैत्रीपूर्ण सामन्यात कितीही बदल चालतात हे सगळ्यांना ठाऊक, पण आकडा दोन्ही संघांनी आधी ठरवून रेफ्रीला मॅचच्या आधी सांगावा लागतो. नाहीतर नियमानं सहाच. म्हणजे २२ पोरं गोळा करून पाच जण पूर्ण वेळ बाकावर, आणि त्या पाचांच्या पाच तालमी गेटवर. आकडा अकरा लिहिलाय. बाहेर गेलेला परत आत नाही. दहाच्या दहा हाफटाइमला बदलले की संघाची घडी मोडते, पुढची दहा मिनिटं कोण कुणाला धरतोय ते कळत नाही, गोल तेव्हाच पडतात. म्हणून हाफटाइमला किपर धरून पाच, साठाव्या मिनिटाला तीन, सत्तराव्याला दोन. अकरावा शेवटपर्यंत खिशात. सगळे वापरून झाल्यावर कुणाचा स्नायू ओढला गेला तर दहा जणांनी खेळावं लागतं. यानं ४५-४५ चा हिशेब मोडतो, हे मलाही दिसतंय. अकरावा ज्या तालमीचा तिला काय सांगायचं, ते सुचलं तर तूच कळव.

तारखेवरून थोरल्याशी वाजलंच. त्याला लीगनंतर लगेच हवा, मला मे महिन्यात, नॉकआउट स्पर्धा आटोपल्यावर. मध्येच घेतला तर संघ पोरं सोडत नाहीत, आणि सोडली तरी 'पाय सांभाळून खेळ' असं कानात सांगून सोडतात. पोर्टलंडचा २०१४ चा ऑल-स्टार सामना आठव. पाहुण्या बायर्नचे जर्मन खेळाडू वर्ल्ड कप जिंकून नुकते आलेले, श्वाइनस्टायगरला टॅकल बसली आणि २-१ नं हरल्यावर त्यांचा कोच ग्वार्डिओला समोरच्या कोचशी हात मिळवायला तयार नव्हता. ग्वार्डिओला तो, बोट नाचवून गेला. आपल्याकडचा अध्यक्ष बोटावर थांबणारा नाही. पण मे महिन्यापर्यंत थांबावं तर बाहेरून आणलेली पोरं गावी गेलेली, गोलपोस्टपुढं गवताची काडी नाही आणि वळवाची भीती. शेवटी थोरल्याला म्हटलं, तुझी तारीख घे, पण प्रत्येक तालमीच्या सही-शिक्क्याचं खेळाडू सोडण्याचं पत्र आधी आण. तेव्हापासून बोलत नाही.

दांडीचा नियमही घालायचाय. अमेरिकेत परवानगीशिवाय गैरहजर राहिलं की आपल्या क्लबची पुढची मॅच बंद. २०१८ ला इब्राहिमोविच, २०२५ ला मेसी आणि जोर्डी आल्बा, कुणाला सोडलं नाही. आपल्याकडं डॉक्टरचा दाखला पाच मिनिटांत मिळतो, त्यामुळं मी लिहिलंय की जखमी खेळाडूनंही साध्या कपड्यात बाकावर येऊन बसायचं. आणि पोस्टर. सही होईपर्यंत कुणाचा फोटो डिजिटल बोर्डावर चढवायचा नाही. सोलला २०१९ मध्ये युव्हेंटस आलं, रोनाल्डो किमान ४५ मिनिटं खेळणार असं करारात होतं, गडी पूर्ण मॅच बाकावर. मॅच तासभर उशिरा सुरू, ३-३ चांगली झाली, पण लोक 'मेसी, मेसी' ओरडून घरी गेले आणि नंतर कोर्टात गेले. आपली माणसं कोर्टापर्यंत जायची वाट बघत नाहीत.

जर्सीचा रंग अजून ठरलेला नाही. कुठल्याच तालमीचा नाही असा रंग शोधायला बसलो आणि इंद्रधनुष्य संपलं. पिवळं-लाल कार्ड लीगच्या हिशेबात धरायचं का, तेही लिहायचं राहिलंय. मी म्हणतो पिवळं सोडा, लाल धरा. नाहीतर पोरं जुन्या उधाऱ्या त्याच दिवशी फेडतील. रेफ्री मात्र गावाबाहेरचाच.

तुझं काय? नोकरीचं ते मिटलं का? वहिनींचं गाडीचं लायसन्स झालं? पोरगी मराठी बोलते की नुसती ऐकते? काकी विचारत होत्या, त्यांना फोन कर, मला नको.

आता ज्यासाठी एवढं खरडलं ते. बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. दमलेल्या, उसन्या पोरांना आणखी अर्धा तास पळवण्यात अर्थ नाही, अमेरिकेतही थेटच घेतात. पण पेनल्टीला मैदानावर शेवटी जे असतात तेच उभे राहतात, म्हणजे गोलात दुसऱ्या हाफचा किपर. २०२१ ला मॅट टर्नरनं दोन अडवल्या आणि सामनावीरही तोच. आपले दोन किपर दोन पेठांचे असणार हे नक्की. पहिल्या हाफचा किपर चार खाऊन गेला तरी लोक रात्रीपर्यंत विसरतात. दुसऱ्यानं एक पेनल्टी अडवली तर मिरवणूक आणि पायाखालून एक गेली तर त्याच्या पेठेला वर्षभर ऐकावं लागेल. टॉस करून ठरवावं तर म्हणतील नाणं कुणाचं होतं. कोचवर सोडावं तर कोचची पेठ निघते. मतं जास्त त्याला दुसरा हाफ द्यावा असंही मनात आलं, पण तू गोलात उभा राहिलेला माणूस. थंड बसून राहिलेल्या किपरला ४६ व्या मिनिटाला आत घातलं तर पेनल्टीपर्यंत हात गरम होतात का, की ज्यानं सुरुवात केली त्यालाच ठेवून पहिल्या हाफनंतर बदलूच नये? मग दुसऱ्या किपरच्या तालमीला काय तोंड दाखवायचं?

शनिवारच्या आत कळव. तिकडच्या रात्री फोन केलास तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
गोल्या